पदवीनंतरची पहिली नोकरी : पवई परिसरातील उमेदवारांसाठी

पवई आणि आसपासच्या भागात पदवीधराच्या पहिल्या नोकरीत दोन पक्ष असतात : ज्यांच्या इमारतीत बसून काम करायचे ते, आणि ज्यांच्या नावाने पगार जमा होतो ते. कधी हे दोघे एकच असतात, पुष्कळदा नसतात. हिरानंदानीतील एखाद्या नामांकित बँकेच्या मजल्यावर रोज बसणारा मुलगा प्रत्यक्षात मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीचा नोकर असू शकतो. गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा रंग तेवढा वेगळा असतो. पगार, रजा, पीएफ, कामावरून कमी होणे या सगळ्याचा निकाल मात्र त्या तिसऱ्या नावावर लागतो. पहिल्या नोकरीतले बरेचसे गोंधळ इथूनच सुरू होतात. म्हणून मार्ग कोणताही असो, ‘नेमणारा कोण’ हे आधी विचारावे.

परिसरात कामे कोणती

हिरानंदानी बिझनेस पार्क आणि जवळच्या इमारतींत सॉफ्टवेअर, बँकांची बॅक ऑफिसे, सल्लागार कंपन्या आहेत. लार्सन अँड टुब्रोचा मोठा परिसर पवईतच आहे. साकी विहार रोड आणि चांदिवलीत लहान कारखाने, गोदामे, कुरिअर आणि लेखा कार्यालये दाटीने आहेत. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पश्चिमेला गेले की सीप्झ (स्थापना १९७३) आणि मरोळ एमआयडीसी, पूर्वेला गेले की विक्रोळीचा गोदरेज परिसर. बीकॉम झालेल्याला अकाउंट्स असिस्टंट, केवायसी तपासणी, रिकन्सिलिएशन, विमा दाव्यांची छाननी अशी कामे मिळतात. बीएस्सीला क्वालिटी कंट्रोल आणि लॅब, बीए आणि बीएमएसला ग्राहकसेवा, विक्री, ऑपरेशन्स. रुग्णालयांतील बिलिंग आणि फ्रंट ऑफिसचे काम कोणत्याही शाखेला खुले असते.

आयआयटीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. तिथे डिसेंबरात सुरू होणाऱ्या कॅम्पस मुलाखती फक्त तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी असतात. बाहेरच्या उमेदवाराला त्यात जागा नाही. पण संस्थेतील संशोधन प्रकल्पांसाठी कंत्राटी कर्मचारी लागतात आणि त्यांच्या जाहिराती संस्थेच्या संशोधन व सल्लागार केंद्राकडून, म्हणजे आयआरसीसीकडून, संकेतस्थळावर निघतात. प्रोजेक्ट असिस्टंट, तांत्रिक सहायक, कार्यालयीन सहायक अशी ही पदे असतात. मुदत प्रकल्पापुरती असते, पण अनुभवाचे पत्र वजनदार मिळते. आयआयटीच्या आवारातच ‘साइन’ ही नवउद्योगांना आधार देणारी संस्था २००४ पासून आहे. आयआयटीतून निघालेल्या मुलांनी पवईत कंपन्या काढल्या, २०१२ मध्ये सुरू झालेली हाउसिंग डॉट कॉम त्यांतलीच. अशा कंपन्यांना इंजिनिअरांइतकीच फोनवर बोलणारी, हिशेब ठेवणारी, मालाची नोंद करणारी माणसे लागतात.

नोकरीकडे जाणारे मार्ग

- कॉलेजचा प्लेसमेंट सेल. शेवटच्या सत्राआधीच नाव नोंदवा. अनेक सेल पास झालेल्यांचीही नावे काही काळ ठेवतात. निकालानंतर एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारा. एटीकेटी असलेल्यांना कोणत्या कंपन्या घेतात तेही तिथेच कळते.
- थेट अर्ज. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील ‘करिअर्स’ पानावरून. उत्तर उशिरा येते, पण नेमणारा कोण याबद्दल शंका राहत नाही.
- ओळखीतून शिफारस. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराचा अर्ज आधी उघडतात. इमारतीतले, चाळीतले, कॉलेजात दोन वर्षे पुढे असलेले कोण कुठे कामाला आहे याची यादी करा. ‘कुठे असेल तर सांगा’ या निरोपाने काही होत नाही. कंपनीच्या पानावरील पदाचा क्रमांक आणि आपला बायोडेटा पाठवून ‘या पदासाठी माझे नाव टाकाल का’ असे विचारावे.
- कन्सल्टन्सी. प्रामाणिक कन्सल्टन्सी आपला मोबदला कंपनीकडून घेते. उमेदवाराकडून नोंदणी फी मागणारी असेल तर उठून यावे.
- सरकारी पोर्टल. राज्याचे ‘महास्वयम्’ आणि केंद्राचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ (२०१५ पासून). दोन्हींवर नोंदणी मोफत आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत होणाऱ्या पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांची माहिती महास्वयम्‌वर मिळते.

वॉक-इन मुलाखतीला जाण्याआधी पद आणि जागांची संख्या पाहावी. जुलै २०२४ मध्ये कलिना येथे विमानतळावरील सामान चढवण्या-उतरवण्याच्या सुमारे २,२०० जागांसाठी हजारोंची झुंबड उडाली. शेवटी बायोडेटा आणि फोन नंबर ठेवून निघून जायला सांगण्यात आले. पदवीधरही त्या गर्दीत होते. दिवस, भाडे आणि उमेद तिन्ही खर्च होणाऱ्या अशा ठिकाणी पद खरोखर आपल्या कामाचे असेल तरच जावे.

शिकाऊ उमेदवारी : दुर्लक्षित पण पक्का मार्ग

‘अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही’ ही कोंडी फोडण्यासाठी कायद्यातच सोय आहे. अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्ट १९६१ चा. इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना त्यात १९७३ च्या दुरुस्तीने आणले गेले, इतर शाखांच्या पदवीधरांना २०१४ च्या. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे पवईतल्या बहुतेक मोठ्या कार्यालयांत अशा जागा कायद्यानेच असायला हव्यात. हे आयटीआयच्या मुलांसाठीच असते असे समजून बीकॉम, बीएची मुले तिकडे फिरकत नाहीत, आणि त्यात नुकसान त्यांचेच होते.

नोंदणी ‘नॅट्स’ पोर्टलवर करायची असते. पश्चिम विभागाचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ शीवला आहे, घाटकोपरहून लोकलने काही मिनिटांवर. कालावधी साधारण एक वर्षाचा. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधराला दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. कंपनी त्याहून अधिक देऊ शकते, आणि काही देतातही. शिकाऊ उमेदवार कायद्याने ‘कामगार’ नसतो, त्यामुळे पीएफ आणि ईएसआय लागू होत नाहीत, आणि वर्ष संपल्यावर कायम करण्याचे बंधनही कंपनीवर नसते. हे आधीच समजून घेतले तर वर्षाअखेरीस मन मोडत नाही. हाती येते ते सरकारी प्रमाणपत्र, आणि बायोडेटात अनुभवाची पहिली ओळ.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. १८ ते ३५ वयाच्या, महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या उमेदवारांसाठी ती आहे. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये ठरले. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती. अर्ज महास्वयम्‌वरूनच होतो. प्रशिक्षण देणारी आस्थापना पुढे नोकरी देईल असे गृहीत धरू नये.

कागदपत्रे, आणि नावाचा घोळ

महाराष्ट्रातल्या उमेदवाराची गाडी सर्वाधिक अडते ती नावावर. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी. पॅनवर कधी वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. माणूस एकच, कागदांवर नावे तीन. कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा, आणि त्याहून जास्त पीएफचे खाते उघडताना, ही तफावत नडते.

आडनाव मागे-पुढे असण्याने सहसा बिघडत नाही, कंपनीचा एचआर विभाग ती पद्धत ओळखतो. स्पेलिंगमधला फरक मात्र बिघडवतो : एकीकडे शेवटचा ‘ए’ आहे, दुसरीकडे नाही, एकीकडे ‘व्ही’, दुसरीकडे ‘डब्ल्यू’. गुणपत्रिकेवरचे स्पेलिंग मूळ धरून आधी आधार, मग पॅन, मग बँक खाते दुरुस्त करून घ्यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवावे; नाव पूर्णपणे बदलले असेल तर शासकीय राजपत्रातील नोंद लागते. हे काम निकालाची वाट पाहत बसलेल्या महिन्यांतच उरकावे. रुजू होण्याच्या आठवड्यात ते होत नाही.

पदवीचे मूळ प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते. तोवर शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे तात्पुरते प्रमाणपत्र चालते. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका आल्या आहेत का तेही तपासून ठेवावे.

बायोडेटा एका पानाचा पुरतो. जात, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक यांची त्यात गरज नाही. घरचे दुकान सांभाळले, शिकवण्या घेतल्या, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च ठेवला असेल तर ते लिहावे. किती रकमेचा, किती वर्षे, हेही लिहावे. न केलेल्या कामाचे अनुभवपत्र पैसे देऊन आणणे हा मात्र स्वतःच्या पायावर धोंडा आहे. पार्श्वभूमीच्या तपासणीत ते उघडे पडते, आणि रुजू झाल्यानंतर उघडे पडले तर नोकरी तर जातेच, पुढच्या कंपनीला काय सांगायचे हाही प्रश्न उरतो.

मुलाखत

बिझनेस पार्कमध्ये वेळ खाते ते गेट. ओळखपत्र दाखवणे, फोटो, बोलावणाऱ्याला फोन, व्हिजिटर पास, लिफ्टची रांग. कांजूरमार्ग किंवा विक्रोळीहून येणाऱ्याला गांधीनगर जंक्शनची कोंडीही लागते. मुलाखत दहाची असेल तर साडेनऊला गेटवर असावे, आणि मूळ फोटो ओळखपत्र बॅगेत तळाशी नसावे.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातल्या मुलांना जास्त वाटते. बॅक ऑफिसच्या कामात उच्चारापेक्षा वाक्य पुरे होणे आणि ईमेल नीट लिहिता येणे पाहिले जाते. स्वतःची ओळख, शेवटच्या वर्षीचा प्रकल्प आणि ‘हीच कंपनी का’ या तीन गोष्टी आठ दिवस मोठ्याने बोलून तयार कराव्यात. समजले नाही तर प्रश्न पुन्हा विचारायची विनंती करण्यात काही कमीपणा नाही.

ऑफर लेटर कसे वाचावे

‘तीन लाखांचे पॅकेज’ म्हणजे महिन्याला २५,००० हातात, असा हिशेब घरोघर होतो. तो बरोबर नाही. पॅकेज म्हणजे सीटीसी, अर्थात कंपनीला पडणारा एकूण खर्च. एका साध्या उदाहरणात तो असा उलगडतो :

- सीटीसीचा महिन्याचा वाटा २५,००० रुपये. त्यात मूळ वेतन १२,५००.
- कंपनीचा पीएफमधला वाटा, मूळ वेतनाच्या १२ टक्के : १,५००. हा सीटीसीतच धरलेला असतो.
- ग्रॅच्युइटीची तरतूद, ४.८१ टक्के : सुमारे ६०१. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच मिळते, पण सीटीसीत पहिल्या दिवसापासून मोजलेली असते.
- उरलेले ढोबळ वेतन : २२,८९९.
- त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा.
- हातात : २१,१९९ रुपये.

महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर व्यवसाय कर नाही, त्यामुळे याच पदावरच्या मुलीच्या हातात २१,३९९ येतात. ईएसआय लागू असेल तर वेतनाचे ०.७५ टक्के आणखी कापले जातात; त्या बदल्यात स्वतःला आणि घरच्यांना ईएसआय रुग्णालयांत उपचार मिळतात. आणि सीटीसीत वर्षाला ३०,००० रुपये ‘व्हेरिएबल’ म्हणून घातले असतील, तर टार्गेट पुरे होईपर्यंत महिन्याला आणखी २,५०० कमी. मग तीन लाखांचे पॅकेज दरमहा १८,६९९ वर येते. ऑफर स्वीकारण्याआधी ‘इन-हँड किती’ हे ईमेलवर विचारून उत्तर ईमेलवरच घ्यावे. फोनवरचा आकडा पुढे कोणाला आठवत नाही.

सही करण्याआधी आणखी काही गोष्टी पाहाव्यात :

- पत्राच्या माथ्यावर आणि सहीखाली कोणत्या कंपनीचे नाव आहे? मुलाखत घेणारी तीच का?
- ‘फिक्स्ड टर्म’, ‘कंत्राटी’, ‘प्रोबेशन’ यांपैकी कोणता शब्द आहे, आणि मुदत किती?
- नोटीस कालावधी दोन्ही बाजूंना सारखा आहे का?
- कामाचे ठिकाण ‘मुंबई’ एवढेच लिहिले आहे की पवई? मालाड आणि ऐरोलीही कंपनीच्या लेखी जवळच असतात.
- शिफ्ट कोणती, आणि रात्रीची असल्यास घरी सोडण्याची सोय कोणाची?

तिसऱ्या कंपनीच्या पेरोलवरची नोकरी वाईटच असते असे नाही. पुष्कळांची सुरुवात तिथूनच होते. फक्त कंत्राट कधी संपते आणि मूळ कंपनीने आजवर अशा किती जणांना स्वतःकडे घेतले, हे तिथे काम करणाऱ्याला विचारून मग ठरवावे.

बाँड आणि मूळ प्रमाणपत्रे

मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवून देऊ नयेत. पाहण्यासाठी दाखवाव्यात, साक्षांकित प्रती द्याव्यात. ‘सगळ्यांचीच घेतो’ असे सांगितले तरी नम्रपणे नकार द्यावा, आणि फारच दबाव आला तर निदान तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. कागद परत मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालणारी मुले प्रत्येक वस्तीत सापडतात.

बाँडबद्दल दोन टोकांचे समज आहेत : एक, बाँड म्हणजे सुटकाच नाही, दुसरा, बाँडला कायद्यात काहीच किंमत नाही. दोन्ही चुकीचे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार शून्य ठरतो, त्यामुळे ‘सोडल्यावर दुसरीकडे काम करणार नाही’ ही अट सहसा टिकत नाही. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास वाजवी भरपाई देण्याची अट टिकू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट ग्राह्य धरली. म्हणून रक्कम, मुदत आणि कंपनी प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च करणार हे पाहूनच सही करावी. कोरा धनादेश किंवा कोरा स्टँपपेपर कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

पैसे मागणारी नोकरी

अंधेरीचा विमानतळ जवळ असल्याने ‘एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ, निवड नक्की’ ही या भागातली जुनी लालूच आहे. गणवेशाचे, प्रशिक्षणाचे, वैद्यकीय तपासणीचे, ‘परत मिळणाऱ्या’ अनामतीचे असे टप्प्याटप्प्याने पैसे मागितले जातात. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा : घरबसल्या रेटिंग देण्याचे काम, आधी दोन-तीनशे रुपये खरेच जमा, मग ‘पुढच्या टास्क’साठी भरणा. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. हा एकच नियम पाळला तरी बहुतेक सापळे टळतात.

पैसे गेले असतील तर लाज बाळगून वेळ दवडू नये. १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. रक्कम खात्यांतून पुढे सरकण्याआधी तक्रार झाली तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि समोरच्याचा नंबर घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी.

स्पर्धा परीक्षा सोबत चालू असेल तर

आयबीपीएस क्लार्कसाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा २८, पीओसाठी ३०. राज्यसेवेसाठी ती ३८ पर्यंत जाते. मर्यादा लांब असल्याने वर्षे हातातून निसटतात. किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या महिन्यात थांबायचे, हे घरच्यांसमोर आधीच ठरवून ठेवावे. तयारी करणाऱ्याने निश्चित वेळेची, घराजवळची नोकरी धरावी, मग पगार थोडा कमी असला तरी चालेल. तीन वर्षे पूर्ण रिकामी गेलेला बायोडेटा खासगी कंपनीत समजावून सांगणे कठीण जाते.

रुजू झाल्यावरचे हक्क

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र मिळालेच पाहिजे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, आणि राजीनामा दिल्यास किंवा कामावरून काढल्यास देय वेतन दोन कामाच्या दिवसांत. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

पीएफ कापला म्हणजे भरला असे नाही. पहिला पगार झाल्यावर यूएएन क्रमांक मागून घ्यावा आणि दोन-तीन महिन्यांनी उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून रक्कम दिसते का पाहावे. पगाराची स्लिप दर महिन्याला स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी. कंपनीचा लॉगिन राजीनाम्याच्या दिवशी बंद होतो.

महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे त्यांची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घरापर्यंत वाहन लागते. फिल्टरपाड्याच्या चढाखाली सोडणे म्हणजे घरापर्यंत सोडणे नव्हे, आणि तसे लेखी कळवण्याचा अधिकार तिला आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असते. तिथे प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी मुलीही तक्रार करू शकतात.

पगार अडला तर

आधी एचआरला ईमेल, तारखेसह आणि रकमेसह. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आले तर कामगार आयुक्त कार्यालय. ते वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात आहे. सोबत नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचे विवरण, हजेरीचा कोणताही पुरावा आणि राजीनामा दिला असल्यास त्याची प्रत न्यावी. अर्जात ज्या कंपनीच्या नावाने पगार जमा होत होता तिचे नाव लिहावे, आणि ज्या इमारतीत काम केले त्या कंपनीचेही. वकील लागल्यास महिला, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.